शेरा आवश्यक

"सर, शेअर्ड प्लॅनवर एवढी मोठी सिस्टिम कोण टाकतं?" होस्टिंग कंपनीच्या मुलाने फोनवर विचारलं. घाटकोपरच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या भीमराजने लॅपटॉप पुढे ओढला.

भीमराजने एका वाचनालयासाठी बनवलेली वेबसाइट सकाळीच कंपनीने बंद केली होती. त्या एका सर्व्हरवर तीनेकशे वेबसाइट्स गुण्यागोविंदाने नांदत होत्या. चाळीच्या सामायिक नळाला एकट्यानेच मोटर लावावी, तशी भीमराजची सिस्टिम सगळं ओढून घेत होती. बाकीचे बोंब मारणारच. शनिवारपर्यंत माहिती उतरवून घ्या, मग खातं पुसलं जाईल, असं मुलाने सांगितलं.

पवईच्या एका मोठ्या कंपनीत भीमराजने अकरा वर्षं वेबसाइटची हीच सिस्टिम सांभाळली होती. तिथे एकाने मजकूर लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने मंजूर करायचा. दर पायरीवर शेरा लिहिल्याशिवाय पान पुढे सरकत नसे. मार्चमध्ये कंपनीने हे काम बाहेर दिलं आणि भीमराजला घरी बसवलं. हे फक्त बायकोला, जयाला ठाऊक होतं. चेंबूरच्या ज्या वसाहतीत तो वाढला, तिथे तो अजून पवईचा साहेबच होता.

तिथल्या वाचनालयाच्या वनमालाताईंनी मे महिन्यात विचारलं, पुस्तकांची यादी इंटरनेटवर टाकता येईल का रे? दहावीचा अभ्यास त्याने त्यांच्याच टेबलाशी बसून केला होता. साध्या चार पानांत भागलं असतं. पण हौसेला मोल नसतं, आणि अकरा वर्षांची विद्या कुठेतरी चालवून दाखवायचीच होती. नाहीतर ती होती कशाला, हा प्रश्न त्याला रोज सकाळी पडायचा.

होस्टिंगवाल्या मुलाचा फोन ठेवून त्याने ताईंना फोन लावला. वेबसाइट बंद पडली आहे, तपासणाऱ्यांना आणि मंजुरी देणाऱ्यांनाही कळवा, असं म्हणाला.

"अरे, त्या दोघी पण मीच," ताई म्हणाल्या. "इथे दुसरं आहे कोण? तीन पासवर्डच्या तीन चिठ्ठ्या टेबलाच्या काचेखाली ठेवल्यात. लिहून झालं की बाहेर पडायचं, तपासायला परत आत यायचं. एकदा लेखकाचं नाव चुकलं, तर मी मलाच परत पाठवलं."

भीमराज हसला, आणि मग त्याला लाज वाटली. वाचनालयात माणसं किती, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. सत्तरीची बाई एकेका पुस्तकासाठी तीनदा आत-बाहेर करत होती, आणि मोठ्या कंपनीत असंच करतात, असं समजून निमूट करत होती.

दुपारी तो माहिती उतरवायला बसला. चारशे बारा पुस्तकं होती आणि प्रत्येकामागे शेरे होते. ताईंनी एकही शेरा उरकून टाकला नव्हता. 'तपासले, बरोबर आहे.' 'मंजूर. मुखपृष्ठ फाटले आहे, खळ आणावी.' 'साल चुकले. चष्मा पुसून परत लिहिणे.' भीमराज गालातल्या गालात हसत खाली खाली जात होता.

जूनमधल्या एका नोंदीपाशी त्याचा हात थांबला.

तपासणीचा शेरा होता: 'एक पान उघडायला दहा मिनिटे लागतात. भीमराजला सांगावे काय?'

त्याखाली मंजुरीचा शेरा: 'सांगू नये. त्याची नोकरी गेली आहे. हे काम त्याला हवे आहे.'

जया विचारून गेली, चहा ठेवू का. त्याला ऐकूच आलं नाही. म्हणजे ताईंना, कुठून का कळलं असेना, जूनपासून ठाऊक होतं. तरी दर भेटीत त्या विचारायच्या, काय साहेब, पवईला काय म्हणतात? आणि तो काहीबाही सांगायचा.

शनिवारपर्यंत त्याने चार साधी पानं तयार केली. त्यात पुस्तकं घेतली, शेरे घेतले नाहीत. मंजुरीचा तो एक शेरा मात्र त्याने वहीत उतरवून ठेवला.

रविवारी तो चेंबूरला गेला. पान क्षणात उघडलं तेव्हा ताईंनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं. आता एकच चिठ्ठी पुरेल, असं सांगून झाल्यावर भीमराज उभाच राहिला.

"ताई, माझी नोकरी मार्चमध्येच गेली."

ताईंनी काच उचलली, दोन चिठ्ठ्या काढून फाडल्या. "बरं," त्या म्हणाल्या. मग पुस्तकांच्या कार्डांचा खोका पुढे ओढून त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली.

"अजून सहाशे राहिलीत. बस. मी वाचते, तू लिही."