सामायिकातला रशिया

भिकमचंदची बायको धनकुंवर गेली तेव्हा तिची दोन पुस्तकं अर्धी राहिली होती. दोन्हींना जुन्या वर्तमानपत्राची कव्हरं, दोन्हींत खुणेला लाल दोरा. आजारपणात ती म्हणाली होती, "माझ्याच्याने आता होत नाही. तुम्ही पुरी करा, आणि शेवटी काय झालं ते मला सांगा." जळगावात कापडाचं दुकान चालवण्यात भिकमचंदचा जन्म गेला, पुस्तक कधी हाती धरलं नव्हतं. पण शब्द दिला तो दिला.

पहिली धर्माची कादंबरी. सेठाणीचं जहाज बुडतं, ती नवकार मंत्र म्हणते, देव धावून येतो. भिकमचंदला गोष्ट गोड वाटली, आणि रागही आला. नवकार त्यानेही म्हटला होता, दवाखान्याच्या बाकावर बसून.

दुसरं पुस्तक तिने माहेरी, धुळ्याला, स्टँडवर घेतलेलं. तेही तो रोज जैन स्थानकात, तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून, सामायिकात, म्हणजे दोन घटका धर्मध्यानाला बसतात तेव्हा, वाचू लागला. एका सकाळी शेजारच्या शांतीलालभाऊंनी मान वाकडी करून पान पाहिलं. सामायिक पुरं होईपर्यंत ते कसेबसे थांबले.

"भिकम, हे काय वाचतोस?"

"रशियाचा इतिहास. तिचं राहिलेलं."

"अरे, सामायिकात राजाची गोष्ट नाही, देशाची नाही, जेवणाची नाही. एवढंही ठाऊक नाही?"

"राजाला त्यांनी कधीच मारलं, भाऊ. आणि जेवण कुठलं? शहराला वेढा पडलाय, लोक उपाशी मरताहेत."

"म्हणजे हिंसाही आलीच! काही बाकी ठेवलं नाहीस. प्रायश्चित्त घे, आणि ते पुस्तक देऊन टाक कुणाला."

"प्रायश्चित्त घेतो. पुस्तक देणार नाही."

"हट्टी आहेस."

"आहे."

घरी येऊन त्याने पुस्तक झटकलं. पानांच्या बेचक्यातून उडदाचं पीठ पडलं. म्हणजे हे ती गच्चीवर, पापड राखताना वाचायची. धर्माचं स्थानकात, रशिया गच्चीवर. तिचं सगळं जागच्या जागी असायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रायश्चित्ताचा उपास केला आणि उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर बसला. पुस्तकातल्या त्या शहरात बाया आपली मेलेली माणसं बर्फावरून, पोरांच्या खेळातल्या घसरगाडीवर ओढत नेत होत्या. देव आला नाही. हे का झालं, असं कुणी त्यांना समजावत बसलं नाही. ओढायचं होतं, त्या ओढत होत्या. भिकमचंदला हे पटलं. महिनाभर समजावायला येणाऱ्यांना चहा पाजून तो थकला होता.

मग गोठलेल्या तळ्यावरून पिठाचे ट्रक निघाले. त्याने बोट ओळीवर दाबून धरलं. एक ट्रक बुडाला. मागचे थांबले नाहीत.

"अगं, बर्फ टिकला," तो मोठ्याने म्हणाला. "पीठ पोचलं."

वेढा मात्र अजून उठला नव्हता. पुस्तक बरंच उरलं होतं. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटलं.