लव्हाळ्याला पुरून उरलेले खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. पण जुने म्हणून मला हिणवू नका. एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून लोहाराने मला घडवले. ऐरणीवर इतका मार खाल्ला, की पुढे मातीतल्या कुठल्याच दगडाचे भय उरले नाही.

माझे घर शिंप्याचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे विहीर आणि विहिरीला लागून वहिनींचा भाजीचा वाफा. वहिनी म्हणजे आमच्या शिंपीदादांची बायको. दादांची एक मोठी कात्री आहे आणि तिला धार लावायचा एक काळा दगड. त्या दगडाला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. मी आपले विहिरीच्या पायरीवर घासून दिवस काढले. कात्रीचा थाट पाहून माझा जळफळाट होई, खोटे कशाला बोलू?

एका वर्षी वाफ्यात लव्हाळा शिरला. हे गवत भारी चिवट. वरून कापले तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा डोके काढते. दादा वैतागले. त्यांनी मला उचलून भंगाराच्या डब्यात टाकले.

“याच्याने काही होत नाही. उद्या तणनाशकच आणतो.”

“विहीर हातभर अंतरावर आहे,” वहिनी म्हणाल्या. “तेच पाणी आपण पितो. मी नाही फवारू देणार.”

“मग पुढच्या पेरणीपर्यंत वाफा साफ करून दाखव. नाही जमलं, तर फरशी घालून टाकू.”

दादांची थोरली बहीण, आक्का, गुडघे चोळत हसल्या. “हात दाखवून अवलक्षण करतेय ही.”

वहिनींनी मला डब्यातून काढले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग वहिनी आणि मी कामाला लागलो. ओल्या मातीत खोल शिरून मी गाठी उकरायचे, वहिनी त्या विहिरीभोवतीच्या तापलेल्या फरशीवर वाळत टाकायच्या. नवा कोंब दिसला, की लगेच छाटायचा. पानांना ऊन मिळाले नाही, की खालची गाठ उपाशी मरते. फरशीच्या भेगांतल्या गवतावर वहिनी उकळते पाणी ओतायच्या.

उरलेल्या गाठींसाठी वहिनींनी दुकानातले पुठ्ठे मागितले, ज्यांवर कापडाचे तागे गुंडाळून येतात ते. दादांनी ते स्वतः अंथरले, काठाला काठ लावून, अगदी सरळ रेषेत. थोड्याच दिवसांत प्रत्येक सांध्यातून लव्हाळ्याची हिरवी शिवण उमटली.

“झालं,” दादा म्हणाले. “आणतो तणनाशकाची बाटली.”

“गिऱ्हाइकाच्या कपड्याला शिवणीबाहेर भरपूर माया सोडता, ती उसवू नये म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “आणि इथं?”

दादा खाली बसले. मग एका पुठ्ठ्याच्या काठावर दुसरा चढवत सगळे पुन्हा अंथरले. वर पाणी, त्यावर वाळलेल्या पानांचा जाड थर. मधेमधे भोके पाडून वहिनींनी भोपळ्याची रोपे लावली. वेल असे पसरले, की जमिनीला ऊन दिसेना.

भोपळे उतरले, पेरणी तोंडावर आली. दादांनी कुजलेले पुठ्ठे उचलले. खाली माती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. आक्कांनी मला मागून घेतले आणि गुडघे विसरून कोपरान् कोपरा उकरला. हाती एकच गाठ लागली, तीही सुकलेली.

“हरले बाई मी,” आक्का म्हणाल्या. “आता मेथी कुठे पेरायची ते सांग.”

मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती अभिमानाने फुलली. पण खरा मान पुढेच होता. दादा दुकानात गेले आणि काळा दगड घेऊन आले. त्यांनी मला धुतले, पुसले आणि त्या दगडावर धार लावली. वहिनी फक्त बघत राहिल्या.

अजूनही एखादा कोंब डोकावतो. त्याला मी बघून घेते. तुम्ही एवढेच करा: तणाला फुलू देऊ नका, जमीन उघडी ठेवू नका आणि आम्हा खुरप्यांना ओले टाकू नका. भंगाराच्या डब्याकडे हात जाण्याआधी एकदा धार लावून पाहा.

माझा खिळा आता कात्रीच्या खिळ्याशेजारी आहे. ती अजून माझ्याशी बोलत नाही.