ताईंचा उजवा डोळा

ताईंनी ती चिकटपट्टी लावली तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं, नुसती घाई होती. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांचे भ्रूण जिथे वाढवतात, त्या लॅबच्या त्या प्रमुख. मायक्रोस्कोपला जोडलेला लेझर त्यांच्याच ताब्यात. भ्रूणाभोवती एक पातळ कवच असतं. ते फोडून त्याला बाहेर पडता आलं नाही, तर तो गर्भाशयात रुजत नाही. त्या कवचाला लेझरनं बारीकशी फट पाडून द्यायची, एवढंच काम. किरण डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच यंत्रावर झाकण होतं, आणि ते घट्ट बसल्याशिवाय लेझर सुरूच होत नसे.

हे झाकण महिनाभर कुरकुरत होतं. ऐन कामात लेझर बंद पडे, आणि उबेच्या पेटीतून बाहेर काढलेला भ्रूण उगीच थंड होत राही. शेवटी वैतागून ताईंनी झाकणाखालचं बटण चिकटपट्टीनं दाबून टाकलं. त्यात कॅमेरा दुरुस्तीला गेलेला, म्हणजे स्क्रीन बंद. मग भिंगाला डोळा लावूनच लेझर चालवायचा. या दोन्ही गोष्टींना मनाई करणारी पाटी दारावर होती आणि ती ताईंनीच लिहिलेली होती. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती मोठ्यानं वाचायला लावायची हौसही त्यांचीच.

रविवारी सकाळी आंघोळीच्या वेळी त्यांना भिंतीच्या पांढऱ्या फरशीवर करडा डाग दिसला. घासला, जाईना. मान वळवली तर डाग शेजारच्या फरशीवर गेला. त्यांनी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग परत डावा. डाग उजव्याच डोळ्यात होता. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं की या वयात तू डोळा नक्की कुणाला मारतेयस, शेजारच्या साहेबांना की काय. ताई हसल्या. रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे काय झालं ते सांगायचं. सांगायचं म्हणजे चिकटपट्टी आली, चौकशी आली. आणि डोळा गेला असेल तर? वीस वर्षं त्या डोळ्यावरच तर जगत होत्या. त्या एकनळी मायक्रोस्कोपवर शिकलेल्या, त्यामुळे दोन भिंगं आली तरी डावा डोळा मिटून उजव्यानंच बघायची सवय काही सुटली नव्हती.

सोमवारी लॅबमध्ये शिरल्या ते देवाचं नाव घेत. आता मायक्रोस्कोपखालीच काय ते कळेल, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशी एकच डिश होती. नवरा बस चालवणारा, बायको कपडे शिवणारी, आणि एवढ्या खटाटोपातून त्यांचा एकच भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचलेला. ताईंनी डोळा लावला आणि नजर थेट भ्रूणावर रोखली. भोवतीचा डिशचा तळ स्वच्छ, कडा स्वच्छ, कुठेही डाग नाही. ताईंना इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. भ्रूणाच्या मध्यभागी मात्र काळसर ठिपका होता, पेशी मेल्यावर दिसतो तसा. बिचारी, असं त्या मनात म्हणाल्या, आणि भ्रूण गर्भाशयात ठेवण्यासारखा नाही असं दवाखान्याच्या डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांनी जोडप्याला सांगितलं. दुपारी ताईंनी डिश टाकून दिली.

मंगळवारी एका शिक्षिकेचे दोन भ्रूण पाहायचे होते. पहिल्याच्या मध्यभागी काळसर ठिपका. ताई चुकचुकल्या. दुसऱ्याच्याही मध्यभागी ठिपका, तेवढाच, आणि त्याच जागी.

ताईंचा हात थांबला. आजवर हजारो भ्रूण त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते. एकाच घरचे असले तरी कुठलेही दोन सारखे नसायचे. त्यांनी डिश हलकेच डावीकडे सरकवली. भ्रूण सरकला. ठिपका मध्येच राहिला.

आता त्या डावा डोळा लावायला घाबरल्या. पण लावला. दोन्ही भ्रूण चकचकीत, नितळ, हेवा वाटावा असे. शिक्षिकेचं नशीब थोर. ताईंना मात्र आनंद होईना, कारण कालची डिश आता कुठेच नव्हती. डोळा तपासायला म्हणून त्या भिंगात बघत होत्या, आणि डोळ्यातला डाग त्यांनी दुसरीच्या बाळावर ढकलला होता.

आधी त्यांनी सहकाऱ्याला बोलावलं, शिक्षिकेचं काम त्याच्या हाती दिलं आणि लेझर कुलूपबंद केला. मग डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं. लेझरनंच झालं की वयानं, ते डोळ्यांचे डॉक्टर बघतील, ते म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले की कालचा भ्रूण खरोखरच खराब असेल, कुणी सांगावं, आणि त्या दोघांनी मन घट्ट करून ते मान्यही केलंय. आता त्यांची जखम कशाला उकरायची.

ताईंना ते पटावंसं फार वाटलं. इतकं वाटलं, की त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"ती दोघं परत पैसे जमवतील," त्या म्हणाल्या. "आपला गर्भच कच्चा असतो असं मनात धरून जमवतील. नाहीतर जमवणारच नाहीत. ते मी कसं चालू देऊ?"

डॉक्टरांनी फोन त्यांच्याकडे सरकवला.

फोन शिवणारीनंच उचलला. मागे मशीन चालू होतं, ते तिनं थांबवलं. ताईंनी सांगितलं: माझ्या डोळ्यात दोष आहे, तो माझ्या चुकीनं झाला असावा, तो मी लपवला, आणि त्याच डोळ्यानं तुमचा गर्भ पाहिला. ती ओरडेल, शिव्या देईल, म्हणून ताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. शिव्या त्यांना चालल्या असत्या.

"म्हणजे तो चांगला होता?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही, बाई."

"पण ताई, बघितलं तर तुम्हीच ना?"

"हो," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणीच नाही बघितलं."