जर्सीच्या दुमडीतलं साल

साहेब, आमच्या संघानं जिंकलेल्या त्या ढाली तुम्हीच कचऱ्याच्या ट्रकमध्ये फेकल्यात. गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एक करायच्या म्हणालात आणि आमच्याच एल्म स्ट्रीट हायस्कूलला कुलूप ठोकलंत. आता गावाच्या वेशीवर पाटी लावताय, ‘फुटबॉलचं पहिलं अजिंक्यपद, १९७३.’ मग आमच्या अठ्ठावन्न सालच्या अजिंक्यपदाचं काय? विचारलं तर पत्र धाडून म्हणता, पुरावा आणा.

ओवेटा मॅब्रीनं तुमचं ते पत्र दोनदा वाचलं आणि हसली. आमच्या संघाचे प्रशिक्षक मॅब्री, त्यांची ही बायको. पंधरा वर्षं संघाची धुणी तिनंच धुतली. नवरा गेला, पण संघातली पोरं घर विसरली नाहीत. शनिवारी तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. पोरं कसली, टक्कल पडू लागलेले बाप्येच! तिनं कॅटफिश मासे तळले, मक्याचा पाव केला.

“मिस ओवेटा, तुमच्या त्या रंगानं माझी पाठ अजून जांभळी आहे हो,” तोंड भरलेलं असतानाच थर्मन म्हणाला.

गोऱ्यांच्या शाळेनं टाकलेल्या लाल जर्स्या तिनं निळ्या रंगात उकळल्या होत्या. निघाल्या वांग्यासारख्या. पहिल्याच पावसात रंग सुटला, अकराच्या अकरा पोरं जांभळी. समोरचे खो खो हसले आणि सत्तावीस गुणांनी आपटले. मग तोच रंग कायमचा झाला.

“पाठीचं राहू दे,” लूशस म्हणाला. “अंतिम सामन्यात चेंडू बगलेत मारून समोरच्या रेषेपार पळायचं सोडून उलट्या दिशेला कोण पळालं होतं?”

“खोटारड्या! पुरावा दाखव.”

“थांबा,” म्हणत ओवेटा आत गेली आणि गोधडी घेऊन आली. शाळा बंद झाली तेव्हा तिनं जुन्या जर्स्या जोडून ती शिवली होती. शुक्रवारी मैदान गोऱ्यांचं, म्हणून आमचा खेळ गुरुवारी; आणि गुरुवारचा खेळ गावचं वर्तमानपत्र छापायचं नाही. मग दर सामन्यानंतर, धुणं वाळलं की, ती एका जर्सीच्या दुमडीत सुईनं टाके घालून निकाल लिहायची.

तिनं एक दुमड उलटली. थर्मननं वाचलं, “४ डिसेंबर ५८. अंतिम. आम्ही २०, ब्रॅडन क्रीक १४.”

“खालचं वाच की,” ओवेटा म्हणाली.

“‘थर्मन उलटा पळाला.’”

घर हसून हसून हललं.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे तुमच्या कार्यालयात आलो. ओवेटानं तुमच्या कागदांवरच गोधडी पसरली आणि ती समोरच्या खुर्चीवर बसली. साहेब, कॉफी जरा बाजूला घ्या, धुवायचे दिवस संपले तिचे. हरलेलं, जिंकलेलं, उलटं पळालेलं, सगळं वाचा. आणि ती खुर्चीवरून उठायच्या आत सांगा: पाटीवर आमचं साल कधी लिहिताय?