आता तुमच्या शब्दांत

आमच्या केंद्रात निकाल सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी सगळं सोप्या भाषेत समजावायचं आणि मग समोरच्याला म्हणायचं, "आता तुमच्या शब्दांत सांगा." लोक मान डोलावतात, पण मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, चुकलं की पुन्हा समजावायचं, बरोबर येईपर्यंत पुन्हा विचारायचं. आणखी एक वाक्य सांगायचं असतं, "यात कुणाचाही दोष नाही." ते कधी सांगायचं हे समुपदेशकावर सोडलेलं आहे. मी ते सगळ्यात आधी सांगते, माणसं खुर्चीत टेकायच्या आत. फक्त एकदा मी ते शेवटी ठेवलं.

त्या माणसाला सगळे मोठे डॉक्टर म्हणत. मुलांच्या मनाचे डॉक्टर. माझी लेक लहान असताना आम्ही तिला त्यांच्याकडे नेलं होतं. ती बोलत नव्हती, हाक मारली तरी बघत नव्हती. काही हवं असलं की माझं बोट धरायची आणि मला ओढत न्यायची, नळाशी, खिडकीशी, दाराशी. बोट माझंच लागायचं. सासूबाईंनी पुढे केलेलं बोट ती बाजूला सारायची, हे सासूबाईंना फार लागायचं.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत ती टेबलाखाली बसून एक झाकण गरगर फिरवत होती. त्यांनी समोरचा चहा संपेपर्यंत तिच्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावरून सासूबाईंकडे आणि ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "मूल आतून मिटलंय, कारण आई थंड आहे. आईपासून लांब ठेवा, फुलेल."

मी जात्याच हळू बोलणारी. आमच्या माहेरी मोठ्याने कुणी हसतही नसे. तिथे मी रडले नाही, गप्प बसून राहिले. त्यांनी तेही टिपलं. "बघा," ते म्हणाले, "डोळ्यांत पाणीसुद्धा नाही."

त्याच आठवड्यात लेकीची रवानगी नणंदेकडे झाली. नणंद वाईट नव्हती, जीव लावायची. पण मी भेटायला जायचं नाही, हा डॉक्टरांचा हुकूम. लेक परत आली तेव्हा तिचे पुढचे दात पडून नवे आले होते. फुलली वगैरे काही नव्हती. बदल एकच झाला होता. आता ती कुणाचंही बोट धरायची. दूधवाल्याचं, शेजारणीचं, रस्त्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसाचं. माझंही धरायची. त्यातलंच एक.

माझा रोजचा नेम आहे. सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, आणि उठताना देवाला शब्द द्यायचा की आज कुणाशी कडू बोलणार नाही, खोटं बोलणार नाही. तो नेम त्या दिवसांतही मोडला नाही. मागणं मात्र एकच राहिलं. ज्या तोंडाने ते बोलले, त्याच तोंडाने ते परत घेताना मला ऐकू दे. त्यांचं वाईट व्हावं असं मी मागितलं नाही. खरं बोलायचा नेम आहे म्हणून सांगते, तेही मागितलं होतं, जरा मऊ शब्दांत.

पुढे मी शिकले आणि या केंद्रात लागले. इथे दोन कामं चालतात. किती मुलं स्वमग्न आहेत ते घरोघर जाऊन मोजायचं, आणि रक्त तपासून कारणं शोधायची. कारण एक नाहीच, अनेक आहेत, आणि पुष्कळशी अजून हाती लागलेली नाहीत. काही थोड्या घरांत गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा गहाळ सापडतो. आईच्या मायेचा किंवा थंडपणाचा संबंध मात्र कुठेच निघत नाही. तो विचार शास्त्राने केव्हाच मोडीत काढला. तरी दारातून आत येणारी प्रत्येक आई आधी हेच विचारते, "माझं काही चुकलं का हो?"

मोठे डॉक्टर आमच्या सल्लागार मंडळावर होते. सभेत ते जनुकांवर बोलत, फार छान बोलत. सभा संपल्यावर हळूच पुस्ती जोडत, "सगळं खरं हो, पण आईचा हात लागलेला असतोच." लोक हसत. मी कप गोळा करावेत तशी कागद गोळा करत असे. त्यांनी मला ओळखलं नाही. अशा कितीतरी आया समोर बसल्या असतील, कोणकोणती लक्षात ठेवायची?

तुलनेसाठी आम्हाला अशी घरंही हवी होती जिथे स्वमग्न कुणीच नाही. रक्त द्यायला लोक कां-कू करत होते. एका सभेत मोठे डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या घरापासून सुरुवात करा. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. त्यांचं, बाईंचं आणि मुलाचं रक्त घेतलं गेलं. घरात कुणी स्वमग्न आहे का, या प्रश्नावर सगळ्यांच्या वतीने त्यांनीच उत्तर दिलं, नाही.

प्रयोगशाळेत रक्त नावाने जात नाही. तिथल्या बाईंना कुणाचं काय हे माहीत नसतं. त्यांनी कळवलं की तुलनेच्या गटातल्या एका घरात तो तुकडा गहाळ दिसतोय, वडिलांमध्ये. मुलात नाही. अशा वेळी घरी जाऊन पुन्हा चौकशी करायची असते. नाव उघडलं आणि ते घर माझ्या वाट्याला आलं.

ओळखीचं घर असेल तर काम दुसऱ्याला द्यायचं, असा आमचा नियम आहे. मी आमच्या प्रमुख बाईंकडे गेले आणि सांगितलं की यांनी माझ्या मुलीला तपासलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "त्यांनी कुणाला तपासलेलं नाही? त्या हिशोबाने मलाही बाद करावं लागेल, माझा भाचा त्यांच्याकडेच होता. जा तुम्ही." मग काय झालं होतं ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दुपारची वेळ होती. डॉक्टर बाहेर गेले होते. बाईंनी दार उघडलं. घर इतकं नीट की आपली चप्पल कुठे काढावी कळेना. बाई मोजकं बोलत होत्या. घरात कुणी उशिरा बोलायला लागलेलं होतं का, असं विचारलं तेव्हा मात्र हसल्या. म्हणाल्या, "हे स्वतःच. माझ्या सासूबाई सांगायच्या, आमचा पोरगा विचार करून बोलायला लागला. आपला तो बाब्या." मग उठून खिडकी लावली आणि परत बसल्या.

"थोरला आहे मला," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं त्यांनी पदराचं टोक घडी करत, उलगडत सांगितलं. थोरला बोलत नव्हता. डॉक्टरांनी निदान केलं, आई थंड आहे. मुलाला दूर एका निवासी संस्थेत ठेवलं. तो तिथेच मोठा झाला, आता त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. पाहुण्यांना सांगायचं, आम्हाला एकच मुलगा. आणि मला, तू थंड आहेस. जेवताना मीठ कमी पडलं तरी तेच वाक्य, धाकटा आजारी पडला तरी तेच वाक्य.

"मला ठाऊक होतं मी तशी नाही," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं ऐकलं ना, की माणूस स्वतःच्या अंगाला हात लावून बघतो, गार आहे का म्हणून."

मी विचारलं, मग चौकशीत नाही असं का लिहिलं? लपवायचं होतं का?

"लपवलं नाही त्यांनी. त्यांना ते खरंच वाटतं. म्हणाले, थोरल्याला आजार नाही, तो तुझा प्रताप आहे. तो कशाला मोजायचा?"

माझ्या हातातलं पेन मी खाली ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं मोजणाऱ्या माणसाने स्वतःचा मुलगा मोजणीत धरला नव्हता, कारण मोजला तर दोष ठेवायला जागा उरत नव्हती. मी बाईंना सांगितलं की माझ्या लेकीलाही त्यांनीच माझ्यापासून तोडलं होतं. बाईंनी हातातली पदराची घडी सोडली. मग इतकंच म्हणाल्या, "निकाल तुम्हीच सांगा. दुसरं कुणी नको."

थोरल्याच्या रक्तासाठी लागणारी परवानगी आई म्हणून त्यांनी दिली. आमची रक्त घेणारी मुलगी संस्थेत जाऊन आली. म्हणाली, "सुई टोचली तरी हूं की चूं नाही केलं. माझं बोट मात्र धरून ठेवलं होतं." मी तिच्याकडे पाठ करून कपाट लावत राहिले.

निकाल आला. तोच तुकडा, वडिलांकडून आलेला.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. नसेल. पण ती उचलायला कुणाचा तरी हात लागतोच.

निकालाची खोली लहान आहे, तीन खुर्च्या आणि एक टेबल. नवरा-बायको दोघांनाही बसवून सांगायचं असतं. मोठे डॉक्टर घड्याळ बघत आत आले. म्हणाले, मला समजावत बसू नका, मी यातच केस पांढरे केलेत. मी म्हटलं, खरंय, पण पद्धत तुमच्याच मंडळाने मंजूर केलीय. मग मी सगळं सांगितलं, सोप्या भाषेत, थोरल्यासकट. थोरल्याचं ऐकल्यावर त्यांनी बायकोकडे बघितलं. बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. हेही सांगितलं की असा तुकडा नसूनही माणूस शिकतो, नाव कमावतो, तुम्हीच त्याचं उदाहरण. तेव्हा ते जरा सैल झाले.

"आता तुमच्या शब्दांत सांगा," मी म्हटलं.

"गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ आहे."

"कुणाच्या?"

"कुटुंबात."

"कुटुंबात कुणाच्या?"

"मुलाच्या. मोठ्या."

"आणि तो कुठून आला?"

त्यांनी कॉलर सैल केली. "वडिलांकडून."

"वडील म्हणजे कोण, डॉक्टर?"

"ही काय शाळा आहे?"

"नाही हो. समजलंय की नाही एवढंच बघायचं असतं. चुकलं तरी चालतं, मी पुन्हा सांगते." आणि मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, तितक्याच हळू.

"माझ्याकडून," ते म्हणाले.

"आणि आईकडून काय आलं?"

"काही नाही."

"आईच्या वागण्यातून?"

त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मी घाई केली नाही. घाई करायची नसते, हेही पद्धतीतच आहे. शेवटी त्यांनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

"एका मुलीची आई. तुम्ही तपासली होती."

"नाव काय तुमचं?"

"नाव आठवणार नाही तुम्हाला. थंड होते मी."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. खरंच आठवत नव्हतं. मला वाटलं होतं, आठवलं की मला बरं वाटेल. आठवलं नाही तेच बरं झालं. दया यायला मग जागाच राहिली नाही. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आईच्या वागण्यातून काय आलं?

"आईच्या वागण्याचा संबंध नाही," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं. मग म्हणाले, "तुम्ही एक वाक्य सांगायचं असतं. यात कुणाचा दोष नाही, असं."

"सांगायचं असतं," मी म्हटलं. "पण आधी ते तुम्ही बाईंना सांगा."

त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं, "यात तुझा दोष नाही."

बाईंनी भिंतीवरून नजर काढली. खुर्ची वळवून नवऱ्याच्या अगदी समोर आणली, खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. हात मांडीवर ठेवले, जसे मी ठेवते तसे.

"मला नीट समजलं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"कशात दोष नाही? पूर्ण सांगा."

ते पूर्ण सांगू लागले, अडखळत. बाई मध्येच थांबवत होत्या. मिठाचं काय? धाकट्याच्या आजारपणाचं? पाहुण्यांना काय सांगायचो आपण? प्रत्येकाचं वेगळं वाक्य त्या करून घेत होत्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणत होत्या, आता पुन्हा. एकदाही आवाज चढवला नाही. रक्त घेणाऱ्या मुलीने दार किलकिलं करून सांगितलं की पुढची मंडळी येऊन बसलीत. मी म्हटलं, बसू दे.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी बघितलं.

उठताना ते माझ्या वाक्यासाठी थांबले. दाराला हात लावून, मान थोडी वळवून उभे होते. सांगणं माझं काम होतं, आणि ते खरंही होतं. रक्तात काय येतं त्याचा दोष कुणालाच देता येत नाही, त्यांनाही नाही. मी टेबलावरचं छापील पत्रक उचलून त्यांच्या हातात दिलं.

"यात लिहिलंय," मी म्हटलं. "घरी गेल्यावर बाईंकडून वाचून घ्या."

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. लेक शेजारी बसून झाकण फिरवत होती. रोज शेवटी मी दिवसभराच्या चुकांची क्षमा मागते. नेम मोडला नव्हता, कडू बोलले नव्हते, खोटंही नाही. तरी मागण्यासारखं काहीतरी होतं, हे मलाही कळत होतं आणि देवालाही.

मागितली नाही.