सगळ्या खुंट्या ओढू नका

भंडाऱ्याच्या एका लहानशा चर्चमध्ये, वेदीच्या डाव्या हाताला उभी आहे ती मी पायपेटी. नवीन लोक मला ऑर्गन म्हणतात. पायाने भाता हलवला की माझ्यात वारा भरतो आणि पितळेच्या पत्त्या बोलू लागतात. पट्ट्यांच्या वर ओळीने लाकडी खुंट्या आहेत. एक ओढली की खर्ज उघडतो, दुसरीने मधला आवाज, तिसरीने वरचा, धारदार. एक खुंटी तर सूर नुसता थरथरवते. कुठली ओढायची आणि कुठली आत ठेवायची, यावरच माझं सारं आयुष्य गेलं.

उमेदीची वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत गेली. दिघोरीकडच्या कृष्णरावांची नाटकमंडळी होती. धान कापून झालं की शेताच्या रिकाम्या बांधीत मंडप पडायचा, गावोगावची माणसं जमायची. कृष्णराव माझ्या सगळ्या खुंट्या ओढून बसायचे. पार मागच्या माणसापर्यंत पोचणं हे माझं काम, आणि ते मी मन लावून केलं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मंडळीत विजेचा कीबोर्ड आला. कृष्णरावांनी मला चर्चला देऊन टाकलं. गाडीत चढवताना एवढंच म्हणाले, "हिले उगी ठेवू नका जी. वाजवत राहा."

चर्चमध्ये मला वाजवायला मधुकरराव मिळाले. त्यांचं शिलाईचं दुकान होतं. जन्मभर पायमशीन चालवलेली, म्हणून माझा भाता त्यांच्या पायांना लगेच जमला. पहिल्या रविवारी त्यांनीही सगळ्या खुंट्या ओढल्या. चर्च दणाणलं. पण गाणारी माणसं एकेक करून तोंड मिटून ऐकत राहिली.

उपासना संपल्यावर त्यांच्या पत्नी कौशल्याबाई पुढे आल्या. "काहून जी, नाटक आहे का हे? तुमचा बाजा आयकू येते, माझा आवाज मलेच आयकू नाही येत."

मधुकरराव हसले, पण गोष्ट त्यांना लागली. मग शनिवारी दोघं रिकाम्या चर्चमध्ये यायचे. कौशल्याबाई शेवटच्या बाकापाशी उभ्या राहून गायच्या, मधुकरराव एकेक खुंटी बदलून बघायचे. थरथरती खुंटी पहिल्यांदा आत गेली, कारण तिच्यामुळे लोकांना सूर नेमका धरता येत नव्हता. चाल ओळखू यावी म्हणून पहिल्या कडव्याला वरचा आवाज ठेवला. प्रार्थनेच्या कडव्याला नुसता मधला. पुरुष जोरात गायला लागले की खाली खर्ज. हळूहळू मंडळी गाऊ लागली. बाकावरचा माणूस शेजाऱ्याच्या आवाजाला आवाज लावू लागला. ती वर्षं मला फार आवडली.

पुढे वय झालं आणि मधुकररावांचे कान मंद होऊ लागले. त्यांना ते कळलं नाही. मीच म्हातारी झाले, माझाच आवाज बसला, असं त्यांना वाटायचं. आधी खर्जाची खुंटी कायमची बाहेर राहिली. मग बाकीच्या खुंट्या. लोक पुन्हा गप्प झाले. सांगणार कोण? चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, विषय काढायला यायचे आणि मधुकररावांच्या प्रकृतीची चौकशी करून परत जायचे. शेवटी ठरलं, ईस्टरचा सण झाला की कीबोर्ड आणायचा आणि तो पाळकांची मुलगी रेणू वाजवेल. हे कौशल्याबाईंच्या कानावर गेलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुःखाचं, हळू म्हणायचं गीत होतं. मधुकररावांनी सगळ्या खुंट्या ओढल्या. कडवं अर्धं झालं नसेल, कौशल्याबाई उठल्या, सरळ माझ्याजवळ आल्या आणि एकेक खुंटी आत ढकलू लागल्या. मधली तेवढी राहू दिली.

मधुकररावांचे हात थांबले. "बंद पडली का?"

"नाही पडली." कौशल्याबाईंनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. "तुमाले आयकू येत नाही."

सारं चर्च बघत होतं. मधुकररावांची बोटं पट्ट्यांवरच होती, पण दाबत नव्हती. त्यांनी विचारलं, "लोक गाऊन राहिले का?"

"लय दिवसांपासून नाही गात."

ते पाय पुन्हा हलवू लागले. कौशल्याबाई शेजारी उभ्या राहून गाऊ लागल्या. मधुकररावांनी त्यांच्या ओठांकडे बघत ते कडवं वाजवलं, मग मान वळवून मंडळीकडे पाहिलं. बाकांवरची तोंडं हलत होती. गीत पूर्ण झाल्यावर ते उठले आणि रेणूला खुणेने बोलावून स्वतःच्या जागेवर बसवलं.

"आधी लोकांकडे बघ," म्हणाले, "मंग खुंटीले हात लाव."

कीबोर्ड आलाच नाही. आता रेणू मला वाजवते. माझ्या दोन पत्त्या मुक्या झाल्यात, भात्याला ठिगळ आहे. दुरुस्त करणारं कोणी असेल तर जरूर या. नाहीतर आहे तोवर मी वाजेन.

मधुकरराव अगदी माझ्याजवळच्या बाकावर बसतात, माझ्या लाकडाला तळहात टेकून. गीत सुरू झालं हे त्यांना तिथून कळतं. गातात मोठ्याने, आणि सूर खाली उतरत जातो. तेव्हा कौशल्याबाई सूर धरतात, मागचा बाक धरतो, मग सारी मंडळी मधुकररावांचा आवाज सांभाळून पुढे जाते. रेणू एकच खुंटी बाहेर ठेवते. तेवढी पुरते.