निरोगी नाक

मंगळवारी सकाळी टेबलावर बारा खळग्यांची एक प्लेट होती. प्रत्येक खळग्यात बारीक छिद्रांची जाळी. जाळीच्या वर एक लाख इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत पुढेपुढे करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि जाळीखाली इओटॅक्सिन नावाचा रेणू. शरीरात हा रेणू आवतण देत फिरतो. नाकात कसला तरी कण शिरला की त्याची हाकाटी सुरू होते, आणि पेशी माग काढत निघतात. जिथे फारसं काही बिघडलेलं नसतं तिथे पोचून त्या स्वतःच मोडतोड करून ठेवतात.

सहा खळग्यांत रुग्णांच्या पेशी होत्या, सहांत निरोगी माणसाच्या. तीन तासांनी संशोधक विद्यार्थिनी मुंगीने खाली उतरलेल्या पेशी मोजल्या. रुग्णांच्या सरासरी ३२,१००. निरोगी माणसाच्या ३१,४००.

एकेक दाणा मोजत बसते म्हणून सगळी प्रयोगशाळा तिला मुंगी म्हणायची. रुग्णांच्या पेशी आवतणाला जास्त भुलतात, हे तिच्या प्रबंधाचं म्हणणं. शुक्रवारी समितीपुढे तो फरक दाखवायचा होता. नाही दाखवला तर तीन वर्षं पाण्यात आणि नोंदणी रद्द.

"तुझा हात चुकतोय," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, आणि शिंकले.

सरांची शिंक ऐकू आली की शिपाई कोमट पाणी घेऊन धावायचा, कारकून रुमालांचा डबा आणायचा, दोन विद्यार्थी खिडकी उघडावी की लावावी यावर वाद घालायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. जाताना एखादी बाटली तरी फुटायची.

"सर, निरोगी पेशी एकाच माणसाच्या आहेत. दुसरा दाता घेऊन बघू का?"

"म्हणजे माझ्यात खोट आहे?"

तोच तर घोळ होता. या प्रयोगशाळेत निरोगी रक्त म्हणजे सरांचं रक्त, अशी अकरा वर्षांची रीत होती. रजिस्टरमध्ये 'निरोगी दाता' या रकान्यापुढे सरांची सही असायची. निरोगीपणाचा दाखलाही त्यांनीच भरलेला. तो तपासून बघायची कुणाची छाती झाली नव्हती.

"अ‍ॅलर्जी हा रिकामटेकड्यांचा आजार आहे," सर नाक पुसत म्हणाले. "अकरा वर्षं मी उंदरांत काढली. काही झालं मला?"

"पण शिंका, सर?"

"धूळ. काकांना झाडायला सांगून थकलो."

काका उंदरांची खोली सांभाळायचे. मुंगी त्यांच्याकडे गेली तेव्हा ते पिंजऱ्यांतला भुसा बदलत होते.

"दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसतो मी," काका म्हणाले. "गेल्या महिन्यात सर पंधरा दिवस रजेवर होते, तेव्हा इथे एक शिंक ऐकलीस का? धूळ काय त्यांच्याबरोबर फिरायला गेली होती?"

मुंगीने पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काका, तुम्हाला कधी त्रास होतो?"

"सुनेचा. उंदरांचा नाही."

"मग थोडं रक्त द्याल?"

"घे की. या इमारतीत एवढीच एक गोष्ट कुणी मागितली नव्हती."

काकांच्या रक्तात आधी इओसिनोफिल किती ते तिने मोजलं. मर्यादेत होते. बुधवारी काकांच्या एक लाख पेशी जाळीवर ठेवल्या. तीन तासांत ८,२०० उतरल्या.

आकडा पाहून सर हसले. "उंदीरवाल्याच्या पेशी. आळशी असणारच. समितीपुढे हे नेलंस तर मी सही करणार नाही."

सहीशिवाय समिती दारातसुद्धा उभं करत नसे. मुंगीने वही मिटली.

"मग नाकाचे नमुने बघू, सर. समितीला एक आदर्श निरोगी नाक लागेल. तुमच्याशिवाय कुणाचं घेणार?"

सरांनी लगेच मान वर केली आणि नमुना दिला.

गुरुवारी नाकातल्या स्रावाच्या सहा काचपट्ट्या तयार झाल्या, पाच रुग्णांच्या आणि एक सरांची. मोजणाऱ्याला नाक कुणाचं ते कळू नये म्हणून पट्ट्यांवर नुसते आकडे लिहायचे, ही सरांनीच घालून दिलेली शिस्त. आकडे काकांनी घातले आणि यादी लिफाफ्यात बंद केली, कारण निकालात ज्यांना काही रस नाही असे तेवढेच होते. मुंगीच्या हाताचा भरवसा नाही म्हणून मोजायला सर स्वतः बसले. शिपाई, कारकून आणि दोन्ही विद्यार्थी मागे येऊन उभे राहिले. मुंगी आकडे लिहून घेत होती.

चौथ्या पट्टीपाशी सर थबकले.

"हे बघा. सगळं लालभडक. दोनशे पेशींत एकाहत्तर इओसिनोफिल. अकरा वर्षांत असं नाक पाहिलं नाही. बिचाऱ्याला कुणी सांगितलंय की नाही, कोण जाणे." ते शिंकले. शिपाई पाण्याला धावला. "काका, लिफाफा आणा."

काकांनी लिफाफा दिला. सरांनी तो स्वतः फोडला, यादी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मागची मंडळी एकेक करून कामाला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खिडकीवरून वाद झाला नाही.

"हे धुळीनं," सर म्हणाले. "तू मोज. पुन्हा."

ते खुर्चीवरून उठले. मुंगी बसली, पट्टी नीट सरकवली आणि एका कडेपासून मोजायला लागली. सर तिच्या खांद्यामागे उभे होते. मोजून झाल्यावर तिने रजिस्टर ओढलं, 'निरोगी दाता' रकान्यात त्यांच्या सहीपुढे तारीख घातली आणि लिहिलं: पट्टी चार, पेशी २००, इओसिनोफिल ७३.